कडाक्याच्या थंडीनंतर वॉशिंग मशीन खडखडतंय: बेअरिंग गेलं की दुसरं काही?

पडवीवाला

नमस्कार मंडळी. फ्रंट लोड मशीन आहे, बेल्टवर चालणारं. घरात जागा नाही म्हणून मागच्या पडवीत ठेवलंय आणि तिथे हीटर नाही. मध्यंतरी थंडीची लाट आली, पारा शून्याच्या बराच खाली गेला, नळाचं पाणीसुद्धा गोठलं. तेवढे दिवस मशीन बंदच होतं. आता ऊन पडायला लागलंय, नळ सुरू झालाय, म्हणून कपडे लावले. धुताना काही जाणवलं नाही. पाणी बाहेर टाकायची वेळ आली तशी खडखड सुरू झाली, रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखी. शेवटच्या स्पिनला तर ती थांबेचना. कपडे नीट पिळले गेले, पाणीही गेलं, पण नेहमीपेक्षा हळू.

मेकॅनिकला फोनवर आवाज ऐकवला. तो म्हणाला, ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेलंय, टब खोलावा लागेल, त्यापेक्षा नवीन मशीन घ्या. थंडीच्या आधी हेच मशीन एकदम शांत चालायचं. इतक्यात बेअरिंग जातं का? जाणकारांनी जरा सांगा.

सुती_कपडे

स्पिनला आवाज म्हणजे बेअरिंगच. आमच्याकडे असंच झालं होतं. आधी बारीक घरघर, मग महिन्याभरात विमान उडाल्यागत. लवकर निर्णय घ्या, नाहीतर टब फुटेल.

पाना_पक्कड

पडवीवाला, पहिलं काम म्हणजे मशीन पुन्हा चालवू नका. प्लग काढा, नळ बंद करा. आत कुठे बर्फ उरला असेल किंवा काही तडकलं असेल, तर प्रत्येक वेळी लावताना नुकसान वाढतं. खाली पाणी सांडून ते वायरींपर्यंत गेलं तर प्रकरण आवाजावर थांबत नाही.

आता निदानाचं. फोनवर आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणणं मला पटत नाही. मी आवाज कसा आहे हे नंतर विचारतो, कधी येतो हे आधी विचारतो. मशीनमध्ये प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग काम करतो. पाणी भरताना मुख्यतः पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह चालू असतो. धुताना मोटर, बेल्ट, ड्रम. पाणी टाकताना बहुतेक वेळ एकटा ड्रेन पंप. आणि स्पिनला ड्रम तर फिरतोच, पण निघणारं पाणी बाहेर काढायला पंपही चालूच असतो. इथेच गफलत होते. पंप खराब असेल तर तो स्पिनलाही आवाज करणार, आणि ऐकणारा ड्रमला दोष देणार.

तुम्ही लिहिलंय की धुताना काही नाही आणि पाणी टाकायला लागल्यावर सुरू झालं. तेव्हा ड्रम फिरत होता का हे आठवून सांगा.

पडवीवाला

पाणी टाकताना ड्रम थांबलेला होता. नक्की. मी समोरच उभा होतो, काचेतून कपडे दिसत होते, हलत नव्हते.

पाना_पक्कड

मग बेअरिंग यादीत खूप खाली गेलं. थांबलेल्या ड्रमचं बेअरिंग वाजत नाही.

तरी खात्री करून घ्या. प्लग काढलेलाच ठेवा. दार उघडून रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवा आणि दुसरा हात मशीनच्या वरच्या पत्र्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला खरखर जाणवते, कान लावायचीही गरज पडत नाही. मग ड्रमची वरची कड धरून वर उचला. अख्खा टब स्प्रिंगांसकट हलला तर चालेल. पण बाहेरचा टब जागच्या जागी राहून आतला ड्रम एकटाच वर-खाली होत असेल तर बेअरिंग किंवा मागचा स्पायडर, म्हणजे ड्रमला दांड्याशी जोडणारा तीन हातांचा धातूचा भाग, गेलाय. शक्य असेल तर मागचा पत्रा काढून टबच्या मागच्या बाजूला, पुलीच्या खाली, तांबूस ओघळ आहे का बघा. पाणी अडवणारं रबरी सील गळायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो आणि त्याचा ओघळ खाली येतो. याला महिने लागतात.

विद्युत

पंपावर संशय का, ते थोडं सविस्तर लिहितो.

मशीन 'रिकामं' दिसलं तरी रिकामं नसतं. फ्रंट लोडमध्ये टबच्या तळाशी, त्याखालच्या रबरी बेलोमध्ये (टबातून पंपाकडे जाणारी घड्यांची नळी), फिल्टरमध्ये आणि पंपाच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात, पाणी कायम उरतं. ड्रेन पाइप वर चढून मग खाली उतरतो, त्यामुळे चढातलं पाणी पंप थांबला की परत खाली येतं. सगळ्यात जास्त वेळ पाणी साठून राहतं ते पंपातच, आणि पंप असतो जमिनीलगत, सगळ्यात गार जागी.

पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. मोकळ्या भांड्यात बर्फ वर सरकतो. पंपाच्या बंद प्लास्टिकच्या वाटीत त्याला जायला जागा नसते. मग तो पंख्याची पाती ढकलतो, हाऊसिंगला केसासारखी तडे पाडतो किंवा पंखा शाफ्टवरून सैल करतो. बर्फ वितळल्यावर वरून काहीच कळत नाही. पंप फिरतो, पाणीही जातं, फक्त खडखडत आणि हळू. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

बेअरिंगची गोष्ट वेगळी. ते टबच्या मागे मधोमध, साठलेल्या पाण्याच्या बरंच वर असतं. मशीन नुसतं उभं असताना तिथे गोठायला पाणीच नसतं. थंडीने ग्रीस घट्ट होतं, म्हणून पहिल्या धुण्याला ड्रम किंचित जड वाटेल, पण गरम झाल्यावर ते सुटतं.

सुती_कपडे

पण थंडीनंतर बेअरिंग जाऊच शकत नाही असं कसं? सील आधीच झिजलेलं असेल तर?

विद्युत

जाऊ शकतं. सील झिजलेलं असेल आणि बेअरिंगमध्ये ओल असेल, तर बंद पडून राहिल्याने गंज वाढतो. पण मग धुतानाही, ड्रम सावकाश फिरतानाही आवाज आला असता. आणि तो ड्रमच्या वेगाबरोबर चढत गेला असता. पंपाचा आवाज ड्रमच्या वेगाशी बांधलेला नसतो, तो एकाच पट्टीत येतो. एक सोपी खूण सांगतो. बऱ्याच मशीनमध्ये स्पिन संपताना पंप बंद होतो, ड्रम मात्र काही सेकंद स्वतःच्या वेगाने फिरत राहतो. खडखड एकदम तुटली तर पंप. ड्रमसोबत हळूहळू उतरत गेली तर बेअरिंग.

पडवीवाला

दोघांचे आभार. ड्रम फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरतो, हाताला काही लागत नाही. वर उचलला तर सगळा टब एकत्र हलतो. मागचा पत्रा काढला, ओघळ नाही. बेल्टही बघितला, सगळ्या खाचा शाबूत आहेत.

आता पंप कसा बघायचा? पुढे खाली झाकण आहे, त्यामागे फिल्टरची गोल चकती दिसते.

पाना_पक्कड

आधी बर्फ पूर्ण वितळलाय याची खात्री करा. पडवी अजून गार असेल तर तिथे थोडी ऊब करून मशीनला अख्खा दिवस द्या. घाई असेल तर ड्रममध्ये कोमट पाणी ओता, हाताला सहज सोसेल इतकंच. उकळतं पाणी अजिबात नको. गोठलेल्या प्लास्टिकला अचानक चटका बसला की नवा तडा जातो. फिल्टरपाशी मेणबत्ती किंवा पेटता स्टोव्ह धरायचा प्रकार लोक करतात, तोही नको.

मग खाली पसरट ताट ठेवा आणि भरपूर जुनी फडकी हाताशी घ्या. फिल्टरशेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी त्यातून पाणी सोडा. नसेल तर चकती थोडी थोडी सैल करा, ताट भरलं की घट्ट करा, ओतून या, पुन्हा सैल करा. चकती फिरतच नसेल तर पक्कड लावून जोर करू नका. आत अजून बर्फ आहे.

फिल्टर बाहेर आला की टॉर्च आत मारा. तळाशी छोटा पंखा दिसेल. काडीने नाहीतर बोटाने फिरवा. तो गुळगुळीत फिरणार नाही. थोडा मोकळा फिरेल, मग अडेल, मग झटका देऊन पुढे सरकेल. हा बिघाड नाही. आतल्या रोटरमध्ये कायमचा चुंबक असतो, त्याची ती ओढ असते. नवीन पंपही असाच झटके देतो. बघायचं आहे ते एवढंच: पाती सगळी आहेत का, पंखा शाफ्टवर डोलतो का, आणि आत काही अडकलंय का. बटण, नाणं, हेअरपिन, ब्रा-मधली तार, काहीही निघू शकतं. गोठताना हे तुकडे बर्फात धरले जातात आणि वितळल्यावर जागा बदलून पंख्यात येतात. त्यामुळे बर्फाने काही मोडलेलं नसतानाही खडखड होऊ शकते.

विद्युत

मल्टिमीटर असेल तर पंपाच्या दोन पिनांवर ओहम मोजा. २३० व्होल्टच्या साध्या पंपाला साधारण १०० ते २०० ओहम दाखवतो. अजिबात वाचन नाही आलं तर कॉइल तुटलीय. पण वाचन बरोबर आलं म्हणजे पंप बरा असं समजू नका. मीटरला कॉइल कळते, तुटलेलं पातं कळत नाही.

पडवीवाला

सापडलं.

चकती सहज निघाली. ताटात पाण्याबरोबर वाळू, दोऱ्यांचे गुंते आणि एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा आला, नखाएवढा, एका बाजूला गोलाई असलेला. आधी कपड्याचं बटण वाटलं. टॉर्च मारून बघितलं तर पंख्याच्या चार पात्यांपैकी एक मुळापासून गेलेलं. तुकडा तिथे लावून बघितला, बरोबर बसतो. पंखा बोटाने डावी-उजवीकडे डोलतोय. एक पातं गेल्यामुळे तोल गेला आणि तो हाऊसिंगला घासत फिरत होता. हाऊसिंगच्या आत चकचकीत गोल ओरखडा उमटलाय.

आणखी एक. पंपाखालचा पत्रा ओला होता. फिल्टर काढताना सांडलं असेल म्हणून पुसून कोरडं केलं. मग फिल्टर लावला, ड्रममध्ये थोडं पाणी ओतलं आणि पंपाभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. नुसतं पाणी भरलेलं असताना पेपर कोरडा. मग हात लांब ठेवून फक्त 'ड्रेन' लावलं. बंद करून, प्लग काढून पेपर बघितला तर ड्रेन पाइप जिथे बसतो त्या नळीच्या बुंध्याशी ओली रेघ. पंपाचा दाब आला की तडा उघडतोय.

पाना_पक्कड

उत्तम शोध. टिश्यू पेपरची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. टॉर्चच्या उजेडात असा तडा दिसत नाही, पेपर तो दाखवतो.

आता पंप घेताना एक काळजी घ्या. बाजारात दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे फक्त मोटर आणि पंखा, जो जुन्या हाऊसिंगवर तीन स्क्रूंनी किंवा फिरवून बसतो. दुसरा म्हणजे हाऊसिंग आणि फिल्टरच्या जागेसकट अख्खा संच. तुमचं हाऊसिंग तडकलंय, त्यामुळे नुसती मोटर बदलून भागणार नाही. तड्याला एम-सील किंवा अरल्डाइट लावायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. साबणाचं पाणी, गरम-गार आणि सततची थरथर यात ते टिकत नाही, आणि गळती नेमकी मोटरवर होते. मशीनच्या दारावरच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तो सांगूनच पंप मागवा.

बसवताना जुन्या वायरींचा आणि पाइपांचा फोटो काढून ठेवा. बेलोवरची तारेची क्लिप पक्कडीने काढताना डोळे जपा, ती उडते. नवा पंप लागला की मागचा-पुढचा पत्रा लावायच्या आधी ड्रममध्ये दोन-तीन लिटर पाणी ओतून फक्त ड्रेन लावा आणि लांबून टॉर्चने बघा. मशीन चालू असताना आत हात नाही.

मधुमालती

इथेच विचारते, विषय जवळचाच आहे. आमचं टॉप लोड आहे, तेही गारठ्यात बाहेर होतं. खडखड नाही, पण स्पिनला अख्खं मशीन चालत सुटतं. कपडे सारखे करून बघितले, कमी कपडे टाकून बघितले, तरी तेच. याचा थंडीशी संबंध असेल का?

पाना_पक्कड

मधुमालतीताई, आधी पाय बघा. फरशीखाली माती ओली असेल तर गोठताना ती फुगते आणि फरशी एका कोपऱ्यात उचलली जाते. वितळल्यावर पुन्हा खाली बसते, पण पहिल्यासारखी बसेलच असं नाही. मशीनच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा. डुललं तर पाय फिरवून समतल करा आणि वरचं नट घट्ट आवळा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर ड्रमच्या वरच्या तोंडाशी असलेली जाड प्लास्टिकची कडी बघा. तिला बॅलन्स रिंग म्हणतात. ती आतून पोकळ असते आणि तिच्यात क्षाराचं पाणी भरलेलं असतं. ड्रम फिरताना हे पाणी जड बाजूच्या विरुद्ध जाऊन तोल सावरतं. क्षारामुळे ते साध्या पाण्याइतक्या लवकर गोठत नाही, पण कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि जोडावर चिरतं.

मधुमालती

पाय नीट आहेत, कोपरा डुलत नाही. कडीच्या खालून बोट फिरवलं तर एका ठिकाणी पांढरं, खरखरीत काहीतरी हाताला लागलं. साबणाचा थर समजून पुसलं. आज पुन्हा तिथेच आलंय.

पाना_पक्कड

साबणाचा थर सगळीकडे पसरतो, एकाच जागी परत येत नाही. ते बाहेर पाझरून वाळलेलं क्षार दिसतंय. आणखी एक खात्री करा. प्लग काढून ड्रम हाताने फिरवून थांबवा आणि कान कडीजवळ न्या. आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. शाबूत कडीत तो असतोच. तुमच्या कडीत तो क्षीण असेल किंवा नसेलच, तर ती रिकामी झालीय. ती पुन्हा भरता येत नाही, बदलावी लागते. तोवर स्पिन लावू नका, पिळून वाळत घाला. तोल गेलेल्या ड्रमने टांगणीच्या चारही दांड्यांवर ताण येतो.

पडवीवाला

नवा पंप बसवला. पाण्याची चाचणी घेतली, पेपर कोरडा. ड्रेनला आता फक्त बारीक गुणगुण आहे, स्पिन पूर्वीसारखा शांत. फार बरं वाटलं. नवीन मशीन आणायची तयारी झाली होती घरात.

एकच शिल्लक. पाणी भरताना घूंऽऽ असा आवाज येतो, आधी नव्हता. पाणीही बारीक धारेने येतंय.

विद्युत

इनलेट व्हॉल्व्हची जाळी. पाण्याची लाइन गोठून सुटली की पाइपच्या आतला गंज आणि क्षाराचे पापुद्रे निघतात आणि वाहत येऊन पहिल्या जाळीत बसतात. नळ बंद करा, मशीनमागचा पाइप सोडा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी छोटी जाळी दिसेल. टोकदार पक्कडीने अलगद बाहेर ओढा, जुन्या टूथब्रशने धुवा, परत बसवा. जाळी फेकून देऊ नका, नाहीतर पुढचा कचरा व्हॉल्व्हच्या पडद्यात जाईल आणि मशीन बंद असतानाही पाणी झिरपत राहील.

पाइप परत लावताना तोही वाकवून बघा. गोठलेल्या रबरी पाइपला आतून चिरा पडतात. कुठे फुगवटा दिसला तर लगेच बदला. तो फुटला तर दाबाचं पाणी घरभर होतं.

पडवीवाला

जाळी तांबड्या चुऱ्याने गच्च भरलेली होती. धुतली, आवाज गेला, धारही पूर्ववत. पाइपला फुगवटा नाही.

पुढच्या थंडीचं काय करू? मशीन पडवीतच राहणार आहे. जाड ब्लँकेट गुंडाळलं तर चालेल का?

निळी_छत्री

आम्ही अँटीफ्रीझ ओतून ठेवतो. काही त्रास नाही.

विद्युत

कोणतं ते बघून. मशीन महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पाण्याच्या लाइनसाठी मिळणारं अँटीफ्रीझ चालतं. ते ड्रममध्ये ओतून थोडा वेळ ड्रेन लावायचं, म्हणजे पंपात उरलेल्या पाण्यात ते मिसळतं. पुन्हा वापरायच्या आधी एक रिकामं धुणं लावायचं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट मात्र चुकूनही नाही. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर ताटात सांडलेले चार थेंबही नकोत. मीठ टाकायचा उपायही करू नका, गंज धरतो.

पडवीवाला, तुम्ही थंडीतही मधूनमधून धुणार असाल तर दर वेळी अँटीफ्रीझ परवडणार नाही. ब्लँकेटमध्ये स्वतःची ऊब नसते, ते गारठा पोचायला थोडा उशीर लावतं, एवढंच. रात्रभर पारा शून्याखाली राहिला तर पंप गोठणारच. आणि ब्लँकेटखाली बल्ब किंवा हीटर ठेवायचा विचारही करू नका, आग लागते.

पाना_पक्कड

पाणी काढून ठेवणं हाच उपाय. शेवटचं धुणं झालं की नळ बंद करा, इनलेट पाइप मशीनकडून सोडा आणि बादलीत खाली धरा. मग कोमट पाण्याचा प्रोग्रॅम लावून काही सेकंदांत बंद करा, म्हणजे व्हॉल्व्हमधलं उरलेलं पाणी निघतं. गरम पाण्याची वेगळी लाइन असेल तर तिचंही तसंच. ड्रेन लावा. प्लग काढा. फिल्टर उघडून पंप रिकामा करा आणि चकती सैलच ठेवा. ड्रेन पाइप हुकावरून काढून जमिनीवर सरळ टाका, कुठेही झोळ नको.

पडवीवाला

चकती सैल ठेवली आणि घरातल्या कोणी चुकून मशीन लावलं तर?

पाना_पक्कड

सगळं पाणी पडवीत. म्हणून काढलेला प्लग चिकटपट्टीने मशीनच्या दारावर चिकटवा. दार उघडायला गेलेल्या माणसाला तो आधी हातात घ्यावाच लागेल.